साताऱ्या-सांगलीतून अश्वारोहणाच्या संघात: पहिल्या धड्यापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

आपल्या भागात घोडा दुर्मीळ नाही. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत. वरातीत नाचणारे आहेत, सांगलीकडे घोडागाडीच्या शर्यतीत पळणारे आहेत. आषाढी वारीत चांदोबाच्या लिंबाला माउलींचे अश्व उभ्या रिंगणात धावतात, ते पाहायला तर रीघ लागते. पण यातला जवळजवळ कुठलाच घोडा क्रीडास्पर्धेसाठी तयार केलेला नसतो. टेबललँडचा घोडा मालकाच्या आवाजावर आणि रोजच्या वाटेवर चालतो, पाठीवर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वरातीतल्या घोड्याला मान उंच धरून जागच्या जागी टापा आपटायला शिकवलेलं असतं, आणि पुष्कळदा कडक लगामानं त्याचं तोंड बधिर झालेलं असतं. गाडीच्या घोड्याला तर लगामाचा ताण आला की पुढे ओढायचं एवढंच ठाऊक. स्पर्धेच्या घोड्यानं पायाचा हलका दाब मिळाला की पुढे जायचं, स्वारानं बोटं मिटली की सावकाश व्हायचं, आणि थांबवल्यावर चारी पायांवर शांत उभं राहायचं.

म्हणून ‘आमचा पोरगा टेबललँडवर घोडा पळवतो’ ही तयारी धरू नका. घोड्यावरची भीती गेली, एवढाच त्याचा उपयोग. बाकी सगळं पहिल्यापासून.

स्पर्धा कसल्या आणि कोणत्या वयात

भारतात हा खेळ भारतीय अश्वारोहण महासंघाच्या अखत्यारीत आहे. क्लबात सगळे त्याला ‘ईएफआय’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय. मुलगे आणि मुली यांचे गट वेगळे नसतात, दोघं एकाच यादीत उतरतात.

वयाचा हिशेब वाढदिवसावर नसून कॅलेंडर वर्षावर असतो. एफईआयच्या नियमांत चिल्ड्रन गट 12 ते 14, ज्युनियर 14 ते 18 आणि यंग रायडर 16 ते 21 असा आहे. ज्या वर्षात मूल चौदा वर्षांचं होणार, त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून ते चौदाचं धरतात, मग वाढदिवस डिसेंबरात का असेना. त्याहून लहान मुलांचे गट देशातल्या स्पर्धांत असतात. त्यांची वयं त्या-त्या स्पर्धेच्या प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली असतात, ती तिथूनच घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रकार मुख्यतः तीन. ड्रेसाजमध्ये ठरावीक आकृत्या ठरावीक जागी काढायच्या आणि पंच प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण देतात. शो जंपिंगमध्ये आकडे लावलेले अडथळे क्रमानं ओलांडायचे, दांडा पडला की 4 दोष. इव्हेंटिंगमध्ये हे दोन्ही आणि मोकळ्या माळावरचे पक्के अडथळे. फौआद मिर्झानं 2018 च्या आशियाई खेळांत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली ती इव्हेंटिंगमध्ये. 2023 मध्ये हांगझोऊला भारताला सांघिक सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजमध्ये. त्या संघातले चौघंही युरोपात राहून तयार झालेले होते, हेही पालकांनी लक्षात ठेवलेलं बरं. आपल्या मुलांची वाट क्लबांतर्गत स्पर्धा, मग विभागीय लीग, मग ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते.

भाल्यानं मेख उचलण्याचा टेंट पेगिंग हा प्रकार पोरांना सगळ्यात जास्त भुरळ घालतो. तो भरधाव घोड्यावर एका हातानं लगाम सांभाळत खेळायचा असतो, तेव्हा पहिली दोन वर्षं त्याचं नाव काढू नका.

क्लब कसा निवडायचा

जवळचा तो चांगला, हा नियम इथं अर्धाच खरा. आठवड्यात निदान दोन-तीन वेळा घोड्यावर बसायला मिळालं नाही तर शरीर शिकलेलं विसरतं, म्हणून अंतर महत्त्वाचं आहेच. साताऱ्याहून पुणे साधारण 110 किलोमीटर. शनिवार-रविवारी जमतं, पण खंबाटकी घाटातली कोंडी धरून वेळ मोजा. सांगलीकरांना कोल्हापूर 50 किलोमीटरच्या आत पडतं, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. पाचगणीच्या काही निवासी शाळांत घोडेस्वारी शिकवतात, पण ती त्या शाळेच्या मुलांपुरती असते.

क्लब पाहायला जाल तेव्हा आधी घोडे पाहा, कार्यालय नंतर. खोगीर काढल्यावर पाठीवर, खांद्याच्या उंचवट्याशी, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथं पूर्वी जखम झालेली आहे. एखाद्या घोड्याला असले तर समजू शकतं, निम्म्या घोड्यांना असले तर खोगिरं बसत नाहीत आणि कुणाला पर्वा नाही. तोंडाचे कोपरे पाहा, सोलवटलेले नकोत. खूर पाहा: नाल बाहेर आलेला, खुराची कड फुटलेली असेल तर नालबंद वेळेवर येत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तो यायलाच हवा.

मग मैदान. आपल्याकडे दोन टोकं सापडतात. पाचगणीकडे जांभ्याचा कडक माळ, त्यावर रोज उड्या घेतल्या की घोड्याचे गुडघे-घोटे मार खातात. कृष्णाकाठी काळी माती, पावसात टाप रुतते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. चांगलं मैदान म्हणजे खाली दाबलेला मुरूम आणि वर सुमारे 8 ते 10 सेंटिमीटर वाळू. वाळू त्याहून फार खोल असेल तर घोड्याच्या पायांच्या कंडरा ताणल्या जातात. पाणी मारत नसतील तर एप्रिलात पोरं धूळ खात शिकतील.

कोचला तीन प्रश्न विचारा. नवीन मुलाला पहिले किती धडे लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवत, देता? एका तासाला एका कोचमागे किती मुलं? गेल्या हंगामात क्लबातून कोण, कोणत्या स्पर्धेत, कोणत्या उंचीवर उतरलं? ‘लाँजची गरज नाही, दुसऱ्या दिवशी पळवतो’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लब शोधा. एका कोचमागे सहापेक्षा जास्त नवशिके असतील तर कुणाकडेच नीट लक्ष जात नाही. सातारा फौजींचा जिल्हा, त्यामुळे घोडदळातून किंवा रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधून निवृत्त झालेले रिसालदार, दफेदार शिकवायला मिळण्याचा संभव असतो. त्यांची शिस्त पालकांना कधी कधी कडक वाटते. घोड्याजवळ ती बरी.

आणि घोडा विकत घेऊ नका. निदान दोन वर्षं तरी नाही. शिकणाऱ्या मुलाला एक घोडा पुरत नाही, आळशी, तापट, उंच, बुटका असे चार बसून पाहावे लागतात. शिवाय स्वस्तात मिळतो तो बहुधा रेसमधून काढलेला थरोब्रेड. त्याला पळणं येतं, थांबणं शिकवायला अनुभवी हात लागतो, आणि ते काम बारा वर्षांच्या मुलाचं नव्हे.

सामान: कशावर खर्च करायचा, कशावर नाही

हेल्मेट नवीन आणि स्वतःचं, यात तडजोड नाही. आत पीएएस 015, एएसटीएम एफ 1163 किंवा व्हीजी 1 यांपैकी एका मानकाचा शिक्का असावा. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कपाळावरून टेप फिरवून माप घ्या. पट्टा न लावता मान खाली घालून हलवली तरी हेल्मेट जागचं हलू नये. दुचाकीचं हेल्मेट घालून येणारी मुलं दरवर्षी दिसतात. ते जड असतं, मानेवर भार येतो आणि कोचचं ऐकू येत नाही. सायकलचं किंवा क्रिकेटचंही चालत नाही, कारण डोक्याची मागची बाजू उघडी राहते. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी ते बाद समजा. न आपटलेलंही पाचेक वर्षांनी बदला.

बूट टाचेचे हवेत, टाच दोन-अडीच सेंटिमीटर, तळवा गुळगुळीत. स्पोर्ट शूजला टाच नसते, त्यामुळे पाय रिकिबीतून पुढे सरकतो, आणि पडताना अडकलेला पाय ही या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट. रिकीब बुटापेक्षा एकूण अडीच सेंटिमीटर रुंद असावी. पँट आतून शिवण नसलेली, जोधपूर किंवा ब्रीचेस. जीन्सच्या शिवणीनं मांड्या सोलतात. शोचा कोट, पांढरी ब्रीचेस, लांब बूट हे पहिल्या वर्षी घेऊ नका. क्लबातल्या मोठ्या मुलांचे लहान झालेले कपडे फिरत असतात. तेवढ्या पैशांत बॉडी प्रोटेक्टर घ्या.

मुलाचं धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालंय का, हे तबेल्यात पाऊल टाकण्याआधी पाहा. घोड्याची लीद आणि गंजके खिळे जिथं तिथं त्याची गरज पडते.

पहिले सहा महिने

स्वारी खोगिरावर सुरू होत नाही. आधी घोड्याजवळ जायचं ते डाव्या खांद्याच्या बाजूनं, आवाज देत. थेट समोरून किंवा शेपटीमागून गेलं की घोड्याला दिसत नाही आणि तो बुजतो. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही. मागून वळसा घालायचा तर एकतर अंगाला हात लावून अगदी चिकटून, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून, तीन मीटर तरी लांब. मधलं अंतर धोक्याचं.

मग खरारा. मानेपासून मागे, केसांच्या दिशेनं, हाडांवर हलका हात. याच वेळी बोटांना गरम जागा, सूज, टोचलेला काटा कळतो. खूर साफ करताना हुक टाचेकडून पुढे ओढायचा, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचायचं नाही. खुराला सडका वास आला तर कोचला लगेच सांगा. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात ओल्या तबेल्यात उभ्या घोड्यांना हे हमखास होतं. उपाय साधा: कोरडी गादी आणि रोजची सफाई.

खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे खालचे केस सरळ राहतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तीनदा तपासायचा: बसण्याआधी, बसल्यावर आणि दहा मिनिटं चालून झाल्यावर. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि नंतर श्वास सोडतात. मग चढताना खोगीर पोटाखाली फिरतं आणि स्वार जमिनीवर. रिकिबीची लांबी जमिनीवरूनच ठरते: बोटांची टोकं खोगिराच्या वरच्या कडीला टेकवा, रिकीब काखेत आली की माप जमलं.

घोड्यावर पहिल्या महिन्यात चालीवरच राहा. लाँजवर, लगाम हातात न घेता, हात बाजूला पसरून, रिकिबीविना. नवशिक्याला तोल गेला की तो लगामाला लोंबकळतो, म्हणजे सगळं वजन घोड्याच्या तोंडात. घोडा डोकं वर करतो, पाठ खाली सोडतो, आणखी हिसके बसतात. हे चक्र लाँजवरच मोडतं. घोड्याच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधून ठेवा. तोल गेला की तो धरायचा, लगाम नाही.

दुडकी चाल, म्हणजे ट्रॉट, आली की उठबस. घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं, मागे येतो तेव्हा बसायचं. उलटं झालं तर एक ठेका दोनदा बसून दुरुस्त करा. यात पंचांची हौस नाही: वळणावर आतला मागचा पाय हवेतून पुढे येतो त्या क्षणी खोगिरावरचा भार हलका असावा म्हणून. कॅन्टरला, म्हणजे ट्रॉटहून वेगाच्या झेपांच्या चालीला, आतला पुढचा पाय पुढे पडायला हवा. चुकीचा पाय लागला की घोडा वळणात अडखळतो. कारण बहुतेकदा एकच, मूल कॅन्टरला निघताना खाली वाकून ‘कुठला पाय’ ते बघतं आणि त्याचं वजन पुढे जातं.

उड्यांची सुरुवात जमिनीवरच्या दांड्यांवरून. ट्रॉटला दोन दांड्यांतलं अंतर घोड्यासाठी 1.2 ते 1.4 मीटर, पोनीसाठी थोडं कमी. हे अंतर टेपनं मोजा. पोरांची पावलं रोज वेगळी पडतात, आणि चुकीच्या अंतरावर घोडा दांड्यावर टाप आपटतो, मग दांड्यांनाच बुजायला लागतो. पहिली उडी ट्रॉटमधूनच, अडथळ्याच्या 2.7 मीटर आधी एक दांडा टाकून. तो घोड्याला उडी घ्यायची जागा दाखवतो, मुलाला फक्त तोल सांभाळायचा. उडीवर नजर पुढच्या झाडावर. खाली अडथळ्याकडे पाहिलं की खांदे पुढे पडतात आणि घोडा ऐन वेळी अडतो. घोडा अडला की नव्वद टक्के पालक बाहेरून ‘फटका मार’ ओरडतात. आधी स्वाराची नजर पाहा.

चंदी, चारा आणि ऊस

संघातल्या मुलांना घोड्याचं खाणं माहीत असावं लागतं, कारण स्पर्धेच्या गावी ते काम त्यांच्याकडे येतं. साधारण 400 किलोच्या घोड्याला दिवसाला निदान 6 किलो कोरडा चारा, काम असेल तसं 2-3 किलो चंदी (दाणा), तीही दोन-तीन वेळांत विभागून, आणि 25 ते 40 लिटर पाणी. मे महिन्यात मिरजेच्या उन्हात याहून जास्त. चंदी खाल्ल्यावर तासदीड तास स्वारी नाही. एकदम चंदी वाढवणं, पाणी कमी पडणं, बुरसट चारा, या तिन्हींतून पोटशूळ होतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जीवावर बेतू शकतो. घोडा वारंवार पोटाकडे पाहतोय, जमिनीवर लोळतोय, लीद थांबलीय, तर चारा काढा, डॉक्टरला फोन करा, वाट पाहू नका.

आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकटात मिळतात आणि गाई-म्हशींना चालतात म्हणून घोड्यालाही टाकले जातात. वाड्यांत ऑक्झलेटचं प्रमाण जास्त असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि महिनोन्‌महिने असं चाललं की घोड्याची हाडं कमजोर होतात. चवीपुरते ठीक, मुख्य चारा म्हणून नाही. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको. वाळलेला कडबा चालतो, पण एकटा पुरत नाही, सोबत लसूणघास हवा.

संघात निवड कशी होते

बहुतेक ठिकाणी सांघिक जंपिंगला चौघं उतरतात आणि सगळ्यात वाईट फेरी सोडून तिघांचे दोष मोजतात. म्हणून कोचला सगळ्यात उंच उडणारा नको असतो, घसरण न होणारा हवा असतो. 90 सेंटिमीटर एकदा साफ आणि दुसऱ्यांदा बाद, अशा मुलापेक्षा 70 सेंटिमीटर प्रत्येक वेळी शांतपणे काढणारं मूल यादीत वर जातं. आमचा हिशेब सरळ आहे: घरच्या मैदानावर जी उंची सहज, अनोळखी घोड्यावरही जमते, त्याच्या 20 सेंटिमीटर खाली पहिल्या स्पर्धेत उतरा. नव्या मैदानावर लाउडस्पीकर, झेंडे, छत्र्या, इतर घोडे असतात. घोडा बुजतो, मूल गोठतं, आणि ती 20 सेंटिमीटर तिथं खर्ची पडतात. ड्रेसाजलाही तेच. घरी कॅन्टरची टेस्ट, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, जमते तर स्पर्धेत वॉक-ट्रॉटची घ्या.

निवडीच्या दिवशी उड्यांखेरीज आणखी गोष्टी पाहतात. तबेल्यात वेळेवर आलं का, सईसाला मदत केली का, पडल्यावर लगाम फेकून रडत बाहेर गेलं की घोडा धरला. काही कोच मुद्दाम घोडे अदलाबदल करून बसवतात.

महाविद्यालयीन मुलांना आणखी एक दार आहे, पशुवैद्यक महाविद्यालयांशी जोडलेली एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटरनरी पथकं. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्रवेश घेतानाच एनसीसीची चौकशी करून ठेवा.

हंगाम थंडीचा. म्हणजे नेमका सहामाही आणि पूर्वपरीक्षांचा. दहावीच्या वर्षी स्पर्धा कमी करून आठवड्याला दोन स्वाऱ्या ठेवल्या तरी हात राहतो. पूर्ण बंद केली तर जूनमध्ये पुन्हा लाँजपासून.

कागदपत्रं

इथं चुकलेलं मूल मैदानापर्यंत पोचतच नाही. स्वाराची महासंघाकडे नोंदणी, घोड्याचा पासपोर्ट आणि त्यात लसींच्या नोंदी, प्रवेशिका, पालकांचं संमतिपत्र, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, वैद्यकीय दाखला. घोड्यासाठी ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमियाची रक्ततपासणी मागतात. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि सापडल्यास सरकारला कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे अहवालाशिवाय घोडा आत घेत नाहीत. देशात या तपासण्यांचं मुख्य ठिकाण हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नमुना जाऊन अहवाल येईपर्यंतचे दिवस धरून दीड-दोन महिने आधी कोचला विचारा.

प्रॉस्पेक्टस पालकांनी स्वतः वाचावा. एक घोडा एका दिवसात किती फेऱ्या करू शकतो, किती मुलांना वापरता येतो, पोशाख काय, टेस्ट कुणी बाहेरून वाचून दाखवलेली चालते का, हे सगळं त्यात असतं. खर्चाची कलमं: प्रवेश शुल्क, घोड्याचं भाडं, तबेल्याचं भाडं, वाहतूक, सईसाची मजुरी आणि राहणं. वाहतूक सगळ्यात मोठी, म्हणून तीन-चार मुलांत एक गाडी करा.

टेस्ट आणि कोर्स पाठ करणं

लहान ड्रेसाज मैदान 20 बाय 40 मीटर. ए मधून आत येताना डावीकडून के, ई, एच, समोर सी, मग उजवीकडून परत एम, बी, एफ. मध्यबिंदू एक्स. घरी अंगणात चुन्यानं 2 बाय 4 मीटरचा आयत आखा, अक्षरं खडूनं लिहा आणि टेस्ट पायी चाला, ट्रॉटच्या जागी ट्रॉटच्या ठेक्यात. ओळी पाठ करण्यापेक्षा पायांना वाट पाठ होणं टिकतं.

नवख्यांचे सगळ्यात जास्त गुण 20 मीटरच्या वर्तुळात जातात. ए वरचं वर्तुळ लांब बाजूला कोपऱ्यापासून 10 मीटरवर टेकतं आणि एक्समधून जातं. के हे अक्षर कोपऱ्यापासून 6 मीटरवर. म्हणजे वर्तुळ के च्या 4 मीटर पुढे टेकायला हवं. मुलं के लाच टेकतात, कोपऱ्यात शिरतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. घरच्या मैदानावर त्या चार बिंदूंवर कोन ठेवून आठवडाभर हेच करा.

जंपिंगला कोर्स पायी चालायला मिळतो. लाल झेंडा नेहमी उजवीकडे, पांढरा डावीकडे. अंतर मोजायचं असं: 90 सेंटिमीटरची चार पावलं म्हणजे घोड्याची कॅन्टरमधली एक झेप, सुमारे 3.6 मीटर. दोन अडथळ्यांत वीस पावलं आली तर भागिले चार बरोबर पाच, त्यातून उतरण्याची आणि उडी घेण्याची मिळून एक वजा, म्हणजे चार झेपा. सोळा आली तर तीन. मुलाचं पाऊल 90 सेंटिमीटरचं व्हायला दोरी टाकून सराव लागतो. पोनीवर बसणार असाल तर झेप आखूड असते, कोचला तिचा वेगळा हिशेब विचारा. कोर्स चालताना अडथळ्यांपेक्षा वळणं पाठ करा, कारण मुलं हरवतात ती तिथं. घंटा वाजली की 45 सेकंदांत सुरुवातीची रेषा ओलांडायची. घंटेआधीच सुरुवात करून पहिला अडथळा ओलांडला तर बाद. पडलं तर बाद, आणि डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणो. उलटी, गुंगी, तेच तेच विचारणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

स्पर्धेचा दिवस

घोडा आदल्या दिवशी पोचवा. तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. अनोळखी पाण्याला काही घोडे तोंड लावत नाहीत, म्हणून घरचं एक कॅन सोबत असू द्या.

वेळ उलटी मोजा. फेरी 9:40 ला असेल तर चंदी 5:30 ला. खरारा, आयाळ, सामान 7:30 पर्यंत. कोर्स चालण्याची वेळ कार्यालयात विचारून ठेवा, ती वर्ग सुरू होण्याच्या जरा आधी असते आणि चुकली की चुकली. मूल 9 ला घोड्यावर: दहा मिनिटं चाल, दहा मिनिटं ट्रॉट, पाचसात मिनिटं कॅन्टर, मग पाच-सहा उड्या, शेवटची स्पर्धेच्या उंचीची. सरावाच्या मैदानावर पंधरा-वीस उड्या घेऊन दमलेला घोडा आत जाऊन अडतो, हे चित्र प्रत्येक स्पर्धेत दिसतं, आणि बहुतेक वेळा बाहेर उभ्या पालकांच्या घाबरण्यातून ते घडतं.

सरावाच्या मैदानावर डावा खांदा डाव्या खांद्याला ठेवून समोरच्याला ओलांडायचं, चालीवर असाल तर आतून, दोन घोड्यांत एका घोड्याएवढी जागा. शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा लाथा झाडतो, त्याच्यापासून दूर. तिथल्या अडथळ्यालाही लाल उजवीकडेच. उलट्या बाजूनं उडी घेतली तर पंच बाहेर काढू शकतात.

मुलानं उपाशी जाऊ नये. केळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुरतं.

फेरी झाली की उतरून तंग एक-दोन भोकं सैल, रिकिबी वर, आणि दहा-पंधरा मिनिटं हातानं चालवणं. उन्हाच्या दिवसांत अंगावर गार पाणी ओतत राहा. ‘घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये’ हे जुनं सांगणं आता पशुवैद्य मानत नाहीत, तहान लागली असेल तर पिऊ द्या. संध्याकाळी चारी पाय हातानं चाचपा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, आणि सरळ रेषेत ट्रॉटला पळवून लंगड नाही ना ते पाहा. एखादा पाय गरम लागला तर त्यावर थोड्या थोड्या वेळानं गार पाणी सोडत राहा आणि डॉक्टर येईपर्यंत स्वारी बंद ठेवा. घरी आल्यावर घोड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, दुसऱ्या दिवशी नुसती चाल. ड्रेसाजचं गुणपत्रक कार्यालयातून मागून घ्या. त्यावर प्रत्येक हालचालीपुढे पंचांनी दोन-चार शब्द लिहिलेले असतात, आणि ज्या हालचालींना पाचाखाली गुण आहेत त्यांच्यापासून पुढच्या आठवड्याचे धडे सुरू करायचे.